नागिणीची हद्द

दत्ताराम परबांनी ओढलेली रेघ नागिणीने ओलांडली, असं कधी झालंच नव्हतं. घाटकोपरच्या पंतनगरातल्या त्या नव्या चौदा मजली सोसायटीत लिफ्टचा भरवसा नव्हता, नळाचा नव्हता, बिल्डरचा तर नव्हताच नव्हता. पण परबांची रेघ म्हणजे रेघ.

नागीण म्हणजे अंगावर पट्ट्यासारखे उठणारे ते आगीचे फोड. पाठीकडून निघते, बरगडीखालून सरपटत पुढे येते, आणि तिचं तोंड तिच्याच शेपटीला मिळालं की माणूस गेला, हे पंतनगरापासून मालवणपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते तोंड शेपटीपर्यंत पोचू नये म्हणून परब सहाणेवर गेरू उगाळायचे, एक उभी रेघ पाठीच्या कण्यावर आणि दुसरी समोर छातीच्या मधोमध ओढायचे, आणि आत्येने ग्रहणात कमरेभर पाण्यात उभं करून दिलेला मंत्र पुटपुटायचे. नागीण येऊन रेघेशी थबकायची. पैसे घ्यायचे नाहीत, ही आत्येची ताकीद, नारळ चालेल. त्यामुळे परबांच्या घरी नारळ विकत आणल्याचं कोणाला आठवत नाही, आणि सून दीप्ती तर सोलकढीचं नाव काढलं तरी माहेरी जाते.

कीर्ती इतकी की एकदा गोरेगावच्या स्टुडिओत राक्षसाचं काम करणाऱ्या एका नटाला भर शूटिंगमध्ये नागीण उठली, तर तो मुकुट, मिशा आणि गदेसकट रिक्षात बसून आला होता. वॉचमनने त्याला गेटवर थांबवून "किधर जाना है?" विचारलं, आणि परबांचं नाव ऐकल्यावर गदा स्वतः उचलून वर आणून दिली. यातली गदा कोणी खोटी म्हणतात. राक्षस मात्र खरा.

या सगळ्याला विरोध करणारा माणूस सोसायटीत एकच: चेअरमन नंदकुमार प्रधान. विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, नवव्या मजल्यावर राहणारे, आणि विज्ञाननिष्ठ. दाराला लिंबू-मिरची टांगायची नाही, अशी नोटीस लिफ्टमध्ये त्यांनीच लावली होती. 'नारळ घेऊन येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींनी लिफ्टचा वापर टाळावा' हीसुद्धा त्यांचीच. येत्या सभेत परबांचं हे दुकान कायमचं बंद करायचा ठराव मांडणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. परब हसून म्हणाले होते, "मांडा की. माझी रेघ तुटलेली दाखवा, मी स्वतः हात वर करतो."

तर असा सगळा झकास कारभार चाललेला असताना घरातच घात झाला.

परबांची नात सई मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती. तोंडी परीक्षा आली होती आणि तिला घोकायला एक पाठ हवी होती. पुस्तकातला पाठ नव्हे, माणसाची पाठ.

"आबा, बनियन काढ."

"कशाक गो?"

"तुझ्यावर नसा काढायच्यात. आई नाही म्हणते, तिला गुदगुल्या होतात."

परब स्टुलावर बसले. दीप्ती ज्याने फ्रीजमधल्या डब्यांवर नावं लिहायची तो मार्कर सईने आणला आणि आजोबांच्या पाठीवर वरून खाली सरळ रेघ ओढली.

"हा तुझा कणा. आतून मज्जारज्जू खाली उतरतो. दर दोन मणक्यांच्या मधल्या फटीतून एक नस डावीकडे बाहेर पडते, एक उजवीकडे. अशा एकतीस जोड्या. पुस्तकी मराठीत मेरुचेता."

"मेरुचेता? ह्यां खयच्या चेडवाचा नाव?"

"मुलगी नव्हे, नस. हलू नकोस ना! प्रत्येक नसेला दोन मुळं. मागचं मूळ बातमी आत आणतं. चटका बसला, डास चावला, खाज सुटली. पुढचं मूळ हुकूम बाहेर नेतं. हात उचल, पोट आत घे. तुझ्या पोटाचे हुकूम पोचत नाहीत, ते वेगळं."

परबांचे कान टवकारले. सारी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात, रस्त्याखालच्या चेंबरमध्ये मांडी घालून केबल जोडण्यात काढली होती. "म्हणजे मेन केबल खाली येता, आणि दर खोक्यावर एक जोडी बाहेर. इनकमिंग वेगळा, आउटगोइंग वेगळा."

"बरोब्बर! आणि दोन्ही बाहेर पडताना एकत्र होतात. मग एकेका नसेला कातडीचा एकेक पट्टा वाटून दिलेला असतो." सई पट्टे काढू लागली. पाठीकडून निघून, बरगडीबरोबर तिरके खाली उतरत पुढे पोटावर येणारे. मार्कर छातीवर आला, बेंबीवर आला. "ही बेंबीची पट्टी छातीच्या दहाव्या नसेची. डाव्या नसेचा पट्टा इथे मधल्या रेघेपर्यंत. पलीकडे उजवीचं राज्य."

"पंतनगरचो खोको बिघडलो म्हणान विक्रोळीचे फोन बंद पडणत नाय."

"तसंच. आणि त्या मागच्या मुळावर एक बारीक गाठ असते. लहानपणी कांजिण्या होतात ना? त्या बऱ्या झाल्या तरी व्हायरस जात नाही, त्या गाठीत जाऊन झोपतो. वर्षानुवर्षं. माणसाचं वय झालं, अंगातली ताकद कमी झाली, की जागा होतो आणि त्या एकाच नसेवरून चालत चालत कातडीपर्यंत..."

सईचा हात थांबला. आपण काय बोलत होतो आणि कोणासमोर, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"मग?" परबांनी विचारलं.

"मग काय. आधी दुखतं, मग फोड उठतात. त्या पट्ट्यात."

"मधल्या रेघेच्या पलीकडे जातत?"

"साधारण नाही जात, आबा. प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या एखाद्याचं वेगळं."

"रेघ कोणी ओढली नाय तरी?"

सईने मार्करला टोपण लावलं. "चहा टाकते," ती म्हणाली.

परबांनी मान वाकवून पोटावरची मधली रेघ बोटाने चाचपली. गिरगाव चौपाटीवर उभं राहून समुद्राला 'रस्ता ओलांडून येऊ नकोस' म्हणून दटावावं, तो येत नाही म्हणून लोकांकडून नारळ घ्यावे, आणि हे इमानेइतबारे जन्मभर करावं, तसं काहीसं त्यांना वाटत होतं. त्यात तो मार्कर डब्यांवरचा, न पुसणारा निघाला. खोबरेल लावून झालं, दीप्तीने भांड्यांची घासणी आणली. एक पट्टा हलला नाही.

त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. बेल नव्हे, टकटक. दारात नंदकुमार प्रधान. नवव्या मजल्यावरून चौथ्यावर जिन्याने उतरल्यामुळे धापा टाकत होते. लिफ्टमध्ये कॅमेरा त्यांनीच बसवून घेतला होता ना!

"परब, आधीच सांगतो, माझा यावर विश्वास नाही. कुंदाच्या समाधानासाठी आलोय."

"सगळे बायकोच्या समाधानासाठीच येतात, प्रधानसाहेब. दाखवा."

डाव्या बरगडीवर घोसाघोसाने फोड उठले होते. दोन दिवस नुसतं दुखत होतं, आज उठले, असं ते म्हणाले. परबांना सईचा पट्टा आठवला. तिने मार्करने काढला होता तिथूनच, तसाच तिरका. जणू नागिणीने पुस्तक वाचून रस्ता धरला होता.

"डॉक्टरांना दाखवलंत?" परबांनी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला हे विचारलं.

"समोरच्या त्या तेजल वाहुळेंना? त्यांच्या दवाखान्यात आपल्या सोसायटीच्या निम्म्या बायका बसलेल्या असतात. उद्या घरोघर होईल, चेअरमनला नागीण. तुम्ही ओढा रेघ."

"मी काय म्हणतो, गोळ्या लवकर सुरू..."

"परब! तुम्ही रेघ ओढताय की मी जाऊ?"

परबांनी गेरू उगाळला. इतकी वर्षं मनात धाकधूक असायची, ओलांडली तर काय. पण रेघ कधी वाकडी आली नव्हती. आज रेघ टिकणार याची सोळा आणे खात्री होती. आणि आजच ती थोडी वाकडी आली. प्रधानांनी खिशातून नारळ काढला आणि, कोणी बघत नाही ना हे पाहून, टीपॉयखाली सरकवला.

दोन दिवसांनी सकाळी कुंदाताई प्रधान जिन्यावरून ओरडत खाली आल्या. "भाऊ! ओ परबभाऊ! ओलांडली हो! नागिणीने रेघ ओलांडली!"

चौदाही मजल्यांची दारं एकदम उघडली. लिफ्ट बंद असली तरी बातमी चढते आणि उतरते. परब पायात एक आपली आणि एक दीप्तीची चप्पल घालून नवव्या मजल्यावर पोचले तोवर प्रधानांच्या हॉलमध्ये निम्मी सोसायटी जमली होती. सर्वांत पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या लताबाई, ज्यांना कोणाच्याही आजारपणात पहिली खुर्ची लागते.

"गेली हो परबांची रेघ," लताबाई म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंना ओढली होती तेव्हा कशी ठणठणीत होती! हल्ली गेरूतही भेसळ."

"तोंड मिळायला आता चार बोटं राहिलीत," मागून कोणीतरी म्हणालं.

प्रधान दिवाणावर उघड्या अंगाने पडले होते. मरणाची भीती आणि चारचौघांत नागडं होण्याची लाज, यांत कुठली मोठी हे त्यांच्या चेहऱ्यावरून ठरत नव्हतं. "परब," ते क्षीण आवाजात म्हणाले, "तुमच्या भरवशावर राहिलो मी." हे वाक्य विज्ञाननिष्ठ माणसाला शोभणारं नाही, हे लगेच लक्षात येऊन त्यांनी डोळे मिटले.

परबांनी पाहिलं. गेरूची वाकडी रेघ मधोमध होती. तिच्या डावीकडे नागीण. आणि उजवीकडेही लाललाल कातडी, तिच्यावर टपोरे फोड. सई म्हणाली होती त्यातला तो 'एखादा' हाच असला तर? माणूस जाईल, आणि परबांची रेघही त्याच्याबरोबर तिरडीवर चढेल. पंतनगर म्हणणार, परबांनी चेअरमनला मारला. आणि मग आठवून आठवून म्हणणार, तो राक्षसही पुढे फार दिवस दिसला नाही.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. डावीकडचे फोड पाठीकडे उंच सुरू होऊन पुढे तिरके उतरले होते. उजवीकडचे उतरतही नव्हते आणि चढतही नव्हते. ते चौकोनी होते. चांगले चार कोपऱ्यांचे.

"प्रधानसाहेब, डावीकडे फोड यायच्या आधी दुखत होतं, म्हणालात. तसं उजवीकडे दुखलं?"

"नाही. रात्री एकदम आग सुरू झाली."

परब आणखी वाकले. नाक जवळजवळ बरगडीला टेकलं.

"वहिनी, काल जेवायला काय होतं?"

"आता जेवणाचं काय काढलंत भाऊ? दुधीची भाजी."

"दुधीत लसूण घालता?"

कुंदाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. ते टोक दोनदा गुंडाळून सुटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बोरिवलीच्या वन्संचा फोन आला होता. त्या म्हणाल्या, नुसत्या रेघेवर विसंबू नका. पलीकडच्या बाजूला लसूण वाटून आधीच लावून ठेवा. नागीण आली तर वासाने माघारी फिरते. मग मी जाड लेप दिला, वर ह्यांचा रुमाल ठेवला आणि पंच्याने घट्ट बांधलं. रात्रभर."

"आणि तुम्ही बांधून घेतलंत?" परबांनी प्रधानांना विचारलं.

"लसूण अँटिसेप्टिक असतो," प्रधान डोळे न उघडता म्हणाले. "ती अंधश्रद्धा नाही."

हॉलमध्ये कुजबूज झाली. "लसणाने कुठे फोड येतात?" लताबाईंनी विचारलं. "आम्ही रोज खातो. परब, रेघ तुटली तर तुटली म्हणा. उगाच वन्संवर ढकलू नका."

आता आली का पंचाईत! गप्प बसावं तर रेघ तुटली असं ठरणार. बोलावं तर रेघेची गरजच कधी नव्हती, हे स्वतःच्या तोंडाने सांगायला लागणार. नाव जायचं ते दोन्हीकडून जायचं. फक्त एका बाजूला नाव जाऊन दिवाणावरचा हा माणूस डॉक्टरकडे पोचण्याची शक्यता होती. दुसऱ्या बाजूला बोरिवलीहून आणखी एक फोन येण्याची.

परबांनी शर्टाची बटणं सोडली, शर्ट काढला, बनियन काढलं आणि सगळ्यांकडे पाठ केली.

बायकांपैकी कोणीतरी "अगंबाई!" म्हणालं. मानेपासून कमरेपर्यंत, पाठ-पोट धरून, सगळे काळे पट्टे. मध्ये एक उभी रेघ.

"हे नीट बघा," परब भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "ही मधली हद्द. प्रत्येक पट्टा एका नसेचा, अशा नसांच्या एकतीस जोड्या. डावी नस वेगळी, उजवी वेगळी. नागीण एका नसेतून निघते आणि त्याच पट्ट्यात राहते. म्हणून ती तिरकी असते. तिला कोपरे नसतात. प्रधानसाहेबांच्या उजवीकडे चार कोपरे आहेत, म्हणजे ती नागीण नाही, रुमाल आहे. आणि आता ऐका. डावीकडची मधे थांबली ती माझ्या रेघेने नाही. मी रेघ ओढली नसती, तरी ती तिथेच थांबली असती. लताबाई, तुमच्या सासूबाईंचीही थांबली असती. रेघेने काहीसुद्धा होत नाही. आता ह्यांना उचला आणि डॉक्टरकडे न्या, गोळ्यांना आधीच उशीर झालाय."

मग चार जणांनी चेअरमनना उचललं आणि कॅमेऱ्याखालून, लिफ्टने, समोरच्या दवाखान्यात नेलं.

डॉ. तेजल वाहुळेंनी पाच मिनिटं पाहिलं. डावीकडे नागीण, उजवीकडे लसणाने भाजलेलं. गोळ्या आजपासून, ताबडतोब. "तीन दिवसांच्या आत आलात म्हणून थोडक्यात बचावलात," त्या म्हणाल्या. "आणि लसूण यापुढे फोडणीत घाला."

परब घरी येऊन पंख्याखाली बसले. नाव गेलं होतं, पण अंग हलकं झालं होतं. उद्यापासून दाराशी कोणी येणार नाही, दीप्ती बाजारातून नारळ आणायला लागेल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत जिन्यात रांग होती.

झालं होतं असं, की लोकांनी परबांचं बोलणं कानाने ऐकलं होतं, पण पाठ डोळ्यांनी पाहिली होती. आदल्या दुपारपर्यंतच पंतनगरात पक्कं झालं होतं: परबांनी एकतीस रेघा स्वतःच्या अंगावर बांधून घेतल्यात. त्या पुसत नाहीत. सुनेने घासणीने घासून पाहिलं. म्हणून तर नुसत्या वासाने त्यांना खरी नागीण आणि खोटी नागीण ओळखता येते. संध्याकाळी ही गोष्ट मुलुंडला पोचली तेव्हा रेघा एकसष्ट झाल्या होत्या, आणि जोगेश्वरीला पोचली तेव्हा त्या अंधारात हिरव्या चमकत होत्या.

परब प्रत्येकाला हात जोडून सांगत, "अहो, रेघेने काही होत नाही."

लोक त्यांच्याहून खाली वाकून हात जोडत. "ज्यांच्याजवळ असतं ते असंच म्हणतात, काका."

प्रधान बरे झाले आणि सभा झाली. ठराव मांडायची वेळ आली तेव्हा त्यांनी पाण्याच्या टाकीचा विषय काढला, आणि तो रात्री जेवायच्या वेळेपर्यंत पुरवला.

त्यानंतर एकदा डॉ. तेजल वाहुळेंचा फोन आला. परबांना वाटलं, तंबी मिळणार.

"काका, मुलुंडच्या एका माणसाला पाठवतेय. कालच फोड उठलेत. गोळ्या लिहून दिल्यात, पण घेत नाही. म्हणतो, परबांची रेघ नसेल तर गोळी लागू पडत नाही."

"डॉक्टर, रेघेने काही होत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"मला माहितेय हो. पण गोळ्यांना उशीर झाला तर नस पुढे महिनोन्महिने ठणकत राहील. त्याच्या म्हातारपणावर दया करा. ओढा एक."

सई बाजूलाच अभ्यास करत होती. परबांनी फोन ठेवून तिच्याकडे पाहिलं. तिने पुस्तक चेहऱ्यासमोर धरलं. मागून आवाज आला, "मी काही ऐकलं नाही, आबा."

मुलुंडचा माणूस आला. सोबत नारळ, आणि गोळ्यांची न फोडलेली पट्टी. शर्ट काढून लगबगीने स्टुलावर बसला.

"आधी गोळी," परब म्हणाले.

"रेघ झाल्यावर घेतो ना."

"चालणार नाही. रेघ उपाशी अंगावर धरत नाही. पोटात गोळी असेल तरच धरते. पुढच्याही सगळ्या वेळेवर घ्यायच्या. एक चुकली की रेघ सुटली." आयुष्यात पहिल्यांदाच परब रेघेबद्दल जाणूनबुजून खोटं बोलत होते, आणि आवाज असा काही ठाम लागला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

माणसाचे डोळे मोठे झाले. "हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच नाही!"

"त्यांना कसं ठाऊक असणार?"

माणसाने घाईघाईने पट्टी फोडली आणि पाण्याबरोबर गोळी गिळली. परबांनी गेरूला हात लावला नाही.

"आ करा."

त्याने आ केला. परबांनी चष्मा सावरून आत नीट पाहिलं, जीभ वर करायला लावली, गालही तपासले. काही नव्हतं.

"आता फिरा," ते म्हणाले.